मागे गाडी नाही: किन्नौर-स्पितीमार्गे शिमला ते मनाली, सायकलवर

मे महिन्यात पुण्याच्या एका सायकल गटाचा निरोप आला. सप्टेंबरमध्ये शिमल्याहून निघून हिमाचलमधल्या किन्नौर आणि स्पितीमार्गे मनाली. सहाच जण. मागे गाडी नसेल, स्वयंपाकी नसेल; तंबू, चूल, कपडे, दुरुस्तीचं सामान ज्याचं त्याने वाहायचं. मी तो निरोप दोन दिवस नुसता वाचत होते. मला चढ चढता येतात, पण पंक्चर काढायला आजवर कुणीतरी शेजारी असायचंच. शेवटी अर्ज भरला. हे सगळं इतक्या तपशिलाने लिहायचं कारण एकच: ठरवलं तेव्हा मला मराठीत असं काहीच वाचायला मिळालं नव्हतं.

अर्जासोबत तीन कागद मागितले होते. एमबीबीएस डॉक्टरचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र (ईसीजी, रक्तदाब आणि हिमोग्लोबिनसह), स्वतःच्या जबाबदारीवर येत असल्याचं हमीपत्र आणि घरच्या दोन माणसांचे फोन नंबर. तपासण्यांना बाराशे रुपये लागले. डॉक्टरांना उंचीबद्दल नीट विचारून घ्या. विरळ हवेचा त्रास कमी करणारी ॲसिटाझोलामाइडची गोळी सगळ्यांना चालत नाही, सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर आधी सांगावं लागतं. माझ्या अपघात विम्याच्या कागदात ‘साहसी खेळ’ अपवादात होते, म्हणून वेगळा विमा काढला. पॉलिसीचं ते बारीक अक्षरांतलं पान वाचाच.

मी पाटबंधारे खात्यात आहे. अर्जित रजेचा अर्ज, त्यातच मुख्यालय सोडण्याची परवानगी, आणि सप्टेंबर म्हणजे धरणं भरलेली. साहेबांनी फाईल आठ दिवस ठेवून घेतली. मंजुरी हातात पडेपर्यंत मी रेल्वेचं तिकीट काढलं नाही आणि त्या आठ दिवसांत आरक्षण प्रतीक्षा यादीवर गेलं. सरकारी नोकरीत असाल तर रजेचा अर्ज सगळ्यात आधी टाका.

जून ते ऑगस्ट सराव. नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट आधी रिकाम्या सायकलवर, मग पूर्ण सामान लादून. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सामान लादलेली सायकल वळणावर उशिरा वळते, ब्रेक लांबून धरावे लागतात आणि उभं राहून पायडल मारलं की मागची पिशवी डोलते. वैतरणा धरणाच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यांवर पावसात दोन रात्री तंबूत काढल्या, तेव्हा कळलं की माझा तंबू शिवणीतून गळतो. असली गोष्ट घोटीजवळ कळलेली बरी.

सायकल ग्रॅव्हलची, म्हणजे खडीच्या कच्च्या रस्त्यांसाठीची, ४५ मिलिमीटर रुंदीचे ट्यूबलेस टायर. मागची कॅसेट (मागच्या चाकावरच्या गिअरच्या दातेरी चकत्या) बदलून मोठी, ४२ दातांची बसवली; मजुरी धरून साडेचार हजार. गुडघे वाचायचे असतील तर हा खर्च टाळू नका. बॅगा तीन: सीटखाली, फ्रेमच्या मधे आणि हँडलवर गुंडाळी. चौदा हजार गेले. थंडीची स्लीपिंग बॅग भाड्याने घेतली. पाणी सोडून सामान तेरा किलो भरलं. खाण्यात पोहे, दलिया, मेतकूट, गूळ-शेंगदाण्याचे लाडू आणि सातू. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, तांदूळ शिजता शिजत नाही आणि गॅस संपतो. पोहे नुसते भिजले तरी पोट भरतं.

परदेशी सायकलस्वारांच्या याद्यांमध्ये उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र हमखास असतं. आपल्याकडे ते दूरसंचार खात्याच्या परवान्याशिवाय बाळगता येत नाही, विमानतळावर अशी यंत्रं जप्त झाली आहेत. म्हणून आम्ही रोजच्या मुक्कामाचा कागद प्रत्येकाच्या घरी ठेवला. त्यात फोन लागणार नाही असे दिवस लाल शाईने लिहिले होते. आईने तो कागद फ्रिजला लावला आणि लाल दिवस आले तेव्हा ती घाबरली नाही.

१० सप्टेंबरला, गणपती पोचवून दुसऱ्याच रात्री, नाशिकरोडहून दिल्लीची गाडी. सायकल तिकिटावर लगेज म्हणून ब्रेकव्हॅनमध्ये जाते. पार्सल ऑफिसला निदान दोन तास आधी पोचा. तिकिटाची आणि आधारची झेरॉक्स, एक फॉर्म, मग वजन, मग पावती. पायडल काढून हँडल आडवं करायचं, डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी सारायची, गोणपाट शिवायचं. नाव, फोन आणि दोन्ही स्टेशनं जाड मार्करने दोन्ही बाजूंना लिहायची. भाडं पाचशेच्या आत आलं, हमालीचे दोनशे वेगळे. बॅगा सोबत डब्यात घ्या. गॅसचा डबा रेल्वेत नेता येत नाही, तो कायद्याने गुन्हा आहे; आम्ही तो पुढे विकत घेतला. दिल्लीला सायकल ताब्यात मिळायला दीड तास लागला. मूळ पावती आणि ओळखपत्र दाखवल्याशिवाय ती फाटकाबाहेर पडत नाही. तिथून काश्मिरी गेटला जाऊन शिमल्याची रात्रीची साधी बस. सायकल टपावर, स्वतः चढून स्वतः बांधायची. कंडक्टरने सामानाचं तिकीट फाडलं, अडीचशे रुपये.

१२ तारखेला शिमल्यात सगळे पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटलो. पुण्याचे दादा, ज्यांनी हा घाट घातला; कोल्हापूरचं एक जोडपं; लातूरचे निवृत्त अभियंता काका; आणि मूळची सांगलीची, कॅनडात वाढलेली एक मुलगी, जिला दोन दिवसांत सगळे ‘छकुली’ म्हणायला लागले. दादांनी त्या संध्याकाळी दोनच नियम सांगितले. एक, सकाळी साडेपाचला चाक फिरलं पाहिजे. दोन, डोकं दुखलं की लगेच सांगायचं, आणि एकाने सांगितलं की सगळे थांबणार.

बरेच जण विचारतात की मनालीकडून का नाही, ते तर जवळ पडतं. त्या बाजूने दोन-तीन दिवसांत माणूस साडेचार हजार मीटरवर जातो आणि तिथेच आडवा होतो. शिमल्याकडून नारकंडा, मग खाली सतलजच्या काठी रामपूर, पुढे किन्नौर, असं शरीर हळूहळू सरावतं. या वाटेचा पहिला भाग बहुतेक डांबरीच आहे, कच्च्या रस्त्यासाठी आलेल्याला तो लांबलेला वाटेल. पण उंचीला दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

ढली ते नारकंडा सफरचंदांचे ट्रक. हंगाम ऐन भरात होता, प्रत्येक वळणावर पेट्या चढत होत्या. रामपूरला उकाडा. जिथे डोंगर सरळ नदीत उतरतो आणि रस्ता त्याच्या पोटात कोरलेला आहे, त्या तरांडाच्या पट्ट्यात भीती वाटली, हे सरळ सांगते. पुढे निगुलसरी लागलं. ११ ऑगस्ट २०२१ रोजी इथेच दरड कोसळून प्रवाशांनी भरलेली बस गाडली गेली होती. तिथे कुणी फोटो काढला नाही. दादांनी आम्हाला एकेक करून, मधे अंतर ठेवून पुढे सोडलं. अशा जागी घोळका करायचा नाही, थांबायचं नाही, कानात गाणी नकोत. दगड सुटला की आधी आवाज येतो.

१६ तारखेला दुपारी रिकाँग पिओ. पोवारीच्या पुलापासून वर बाजारापर्यंतचा चढ उन्हात फार लागतो. इथे छकुलीचं काम होतं. पुढचा पट्टा तिबेटच्या सीमेलगत आहे. भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही, आधार जवळ असलं की पुरे. पण परदेशी पासपोर्ट असला तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असूनही इनर लाइन परमिट, म्हणजे सीमेलगतच्या भागात जायचा परवाना, काढावंच लागतं. पासपोर्ट आणि ओसीआयची झेरॉक्स, फॉर्म, फोटो, जायचा मार्ग आणि तारखा. अर्ज दुपारी दिला, कागद दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाला. सुट्टीच्या दिवशी पिओला पोचाल असा बेत आखू नका. परवान्याच्या चार झेरॉक्स काढून ठेवा, तपासणी नाक्यांवर दाखवाव्या लागतात. ती रात्र आम्ही कल्प्याला होमस्टेमध्ये काढली. सकाळी समोर किन्नर कैलास उघडा होता. छकुलीने व्हिडिओ कॉल लावून सांगलीच्या आजीला तो दाखवला आणि आजीने तिथूनच हात जोडले.

इथून पुढे हिरवं संपतं. खाबला सतलज आणि स्पिती नद्यांचा संगम आहे. एकीचं पाणी गढूळ, दुसरीचं राखाडी, आणि वर नुसता खडक. खाबनंतर ‘का’ नावाच्या गावाची वळणं सुरू होतात, नाकोपर्यंत चढ. वाटेत सावली नाही आणि पाण्याचा भरवसा नाही. मी चार लिटर घेतलं होतं, नाकोला पोचले तेव्हा अर्धी बाटली उरली होती. ही वळणं सकाळी दहाच्या आत संपवायची. दुपारी दरीत वारा उठतो, धूळ उडते आणि वरचे सुटे दगड हलायला लागतात.

नाको ३,६६० मीटरवर आहे. संध्याकाळी चहा झाल्यावर काका म्हणाले, “डोकं दुखतंय.” आवाज असा होता, जणू काही चूकच केली. ऑक्सिमीटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ८१. आम्हा बाकीच्यांचे ८७-८८ होते. काका म्हणायला लागले, “तुम्ही सकाळी निघा, मी मागून येतो.” दादा शांतपणे म्हणाले, “काका, मागून यायला मागे कोण आहे? उद्या सगळे इथेच.” दुसरा दिवस नाकोत गेला. पाणी भरपूर, जेवण हलकं, आणि झोपून न राहता तळ्याभोवती सावकाश चालणं. डोकेदुखी वाढली असती किंवा तोल गेला असता तर मिळेल त्या गाडीने खाली उतरायचं ठरलेलं होतं. संध्याकाळी आकडा ८७ झाला आणि काकांनी दोन वाट्या दलिया मागून घेतला. बेतात दोन दिवस मोकळे ठेवले होते, त्यातला हा एक. तसे ठेवले नसते तर त्या दिवशी कुणीतरी घाई केली असती आणि मला तो विचारही नको वाटतो. गाडी मागे नसलेल्या सफरीत मोकळा दिवस हाच खरा आधार आहे.

सुमदोला नाका, नोंदणी, आणि तिथून स्पिती. ताबोचा गोंपा (बौद्ध मठ) इसवी सन ९९६ मधला. बाहेरून मातीच्या साध्या भिंती, आत अंधारात भिंतभर चित्रं. आत फोटोला मनाई आहे आणि ते बरंच आहे. २२ तारखेला काझा. इथे एटीएम आहे, पण चालेलच असं धरू नका. मी आठ हजार रोख घेऊन निघाले होते. काझात एक दिवस कपडे धुणं, साखळी धुणं, ब्रेक पॅड बदलणं. साखळीवर स्पितीची पिठासारखी धूळ बसते. ओलं तेल लावलं तर तिचा गोळा होतो, मेणाचं वंगण नेलं ते उपयोगी पडलं.

बायकांसाठी थोडं. माझी पाळी काझात आली, उंचीमुळे की श्रमांमुळे ठाऊक नाही, पण चार दिवस आधी. सामान सुरुवातीपासून सोबत ठेवा, वाटेतल्या दुकानांवर विसंबू नका. वापरलेलं सगळं घट्ट पिशवीत बांधून मनालीपर्यंत परत नेलं, तिथे कचरा पुरण्याजोगी मातीच नाही. आडोसा मिळत नाही, म्हणून कोल्हापूरच्या ताई आणि मी एक पातळ लुंगी जवळ ठेवली होती; एकीने धरायची, दुसरीने बसायचं. उगाच पाणी कमी पिऊ नका. उंचीवर ते थेट अंगाशी येतं.

काझाच्या वर खरा ग्रॅव्हल सुरू झाला. लांग्झा, हिक्किम, कोमिक. मऊ, बारीक खडीचा रस्ता, दोन्ही बाजूंना कापून ठेवलेलं जव. टायरमधली हवा तीस पीएसआयच्या आसपास उतरवली आणि हातांना बसणारे हादरे एकदम थांबले. हिक्किमचं टपाल कार्यालय सुमारे ४,४०० मीटरवर आहे. मी आईला आणि ऑफिसला पत्रं टाकली. लांग्झाला मुलं शंखांचे जीवाश्म विकायला आणतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता त्याच्या त्या खुणा आहेत, विकत घेऊ नका, तिथेच राहू द्या. किब्बर-चिचमकडून लोसरला जाताना कोल्हापूरच्या दादांचा मागचा टायर कडेने चिरला, करंगळीच्या पेराएवढा. आतलं पंक्चर बुजवणारं द्रावण फसफसत बाहेर आलं, भोकात रबरी वाती घालूनही थांबेना. ताईंनी जाड सुई आणि दातांचा दोरा काढला, टायर उतरवून चीर शिवली, आतून जुन्या टायरचा तुकडा डिंकाने चिकटवला आणि ट्यूब घातली. पाऊण तास. तेवढ्या वेळात रस्त्यावरून एकही गाडी गेली नाही. तो टायर मनालीपर्यंत टिकला. सुई, दोरा आणि जुन्या टायरचा तुकडा मिळून वजन काहीच नाही, न्याच.

लोसरला पोलीस चौकीत नावं लिहिली. तिथून रोहतांगपर्यंत आमच्यापैकी कुणाच्याच फोनला रेंज नव्हती. लाल शाईचे दिवस. त्या रात्री पारा शून्याखाली गेला. पाण्याचा फिल्टर आणि गॅसचा डबा स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. पोकळ तंतूंच्या फिल्टरमधलं पाणी एकदा गोठलं की तंतू फुटतात आणि वरून काहीच कळत नाही.

कुंझुम ला (‘ला’ म्हणजे खिंड) सुमारे ४,५५० मीटर. चढ तसा सौम्य आहे, श्वास मात्र पुरत नाही. मी दोनशे पायडल मोजून थांबायचे, परत दोनशे. माथ्यावर कुंझुम मातेचं देऊळ आणि फडफडणाऱ्या पताका; येणाऱ्या गाड्या देवळाला प्रदक्षिणा घालून पुढे जातात, आम्हीही सायकली हाताने ढकलत घातली. काका सगळ्यात शेवटी आले आणि देवळाच्या पायरीवर बसून रडले. मग आम्हीही.

पलीकडे बातलपर्यंत उतार म्हणजे नुसते गोटे. मनगटं भरून येतात. चंद्रतालचा फाटा आम्ही सोडला, दिवस तेवढे नव्हते. जाणार असाल तर तलावाच्या काठावर तंबूला बंदी आहे, अलीकडच्या जागेतच राहावं लागतं.

बातल ते छत्रू हा या सफरीतला सगळ्यात अवघड तुकडा. रस्ता म्हणजे नदीचं पात्र वाटावं असा, आणि आडवे येणारे नाले. हे नाले हिमनद्यांचे. दिवसभर ऊन लागलं की दुपारनंतर विसर्ग वाढत जातो, रात्री गारठ्यात बर्फ वितळणं थांबतं आणि पहाटे पाणी सर्वांत कमी असतं. धरणावर मी रोज हेच आकडे लिहिते, इथे डोळ्यांनी पाहिलं. तंबू टाकला त्या संध्याकाळी नाल्याच्या काठाला, पाणी टेकत होतं नेमक्या तिथे एक चपटा दगड ठेवला. सकाळी सहाला पाहिलं तर पाणी दगडापासून वीतभर खाली गेलं होतं आणि दगडाच्या ओल्या बाजूवर बर्फाचा पापुद्रा. आदल्या दुपारी मांडीपर्यंत असलेलं पाणी तेव्हा गुडघ्याखाली होतं.

तरी ते पाणी इतकं गार, की दहा पावलांत पायांची बोटं आहेत की नाहीत ते कळेना. अनवाणी उतरू नका, मागे पट्टा असलेले सँडल घाला, मोजे कोरडे ठेवा. सायकल प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरायची, म्हणजे पाण्याने ढकलली तरी आपल्या अंगावर येत नाही. तळ दिसत नसेल तर आधी सामान न घेता एकाने काठीने चाचपत जाऊन यायचं. आम्ही मोठ्या नाल्याला दोघांत एक सायकल नेली, तीन खेपा झाल्या. मधल्या नाल्यात छकुलीचा पाय घसरला, काकांनी तिच्या सायकलचं हँडल पकडून ठेवलं ते दोघं काठावर येईपर्यंत सोडलं नाही.

छत्रूहून ग्राम्फू आणि मग रोहतांगचा चढ. इथे पुन्हा डांबर लागलं. ३,९७८ मीटरवरच्या माथ्यावर पर्यटकांची गर्दी, मक्याची कणसं, भाड्याचे फरचे कोट. पाठोपाठ सगळ्यांचे फोन वाजायला लागले. ३० सप्टेंबरला मनाली.

मनालीत सायकलच्या दुकानातून जुनी खोकी दीडशेला मिळाली. उरलेला गॅस रेल्वेत चालत नाही म्हणून होमस्टेच्या मालकीणबाईंना दिला. बसने दिल्ली, पुन्हा पार्सल ऑफिस, पुन्हा गोणपाट. प्रवास, जेवण आणि मुक्काम मिळून माझे तेवीस हजार झाले. होमस्टे दोन जेवणांसह हजार ते पंधराशे रुपये. बॅगा, कॅसेट आणि भाड्याची स्लीपिंग बॅग याच्यात धरलेली नाही. टायर, ब्रेक पॅड आणि साखळी परत आल्यावर बदलावी लागली, त्याचे आणखी सात हजार.

दसऱ्याच्या आत घरी पोचले, रुजू अहवाल दिला. हिक्किमहून ऑफिसला टाकलेलं पत्र माझ्यानंतर अकरा दिवसांनी आलं. आवक रजिस्टरला त्याची रीतसर नोंद झाली आहे.